जुन्या मोटारसायकलींच्या निष्कास नळ्यांवरील लेप

मोटारसायकलीच्या एंजिनातील ज्वलनानंतर उरलेले तप्त वायू सिलिंडरापासून ध्वनिशामकाकडे (सायलेन्सरकडे) वाहून नेणारी नळी म्हणजे निष्कास नळी होय. मोटारगाडीत ही नळी गाडीखाली झाकलेली असते. मोटारसायकलीत ती उघडी व सहज नजरेत भरणारी असते. त्यामुळे तिच्या पृष्ठभागावर द्यावयाच्या लेपाने दोन कामे करावीत, अशी अपेक्षा प्रारंभापासून बाळगण्यात आली : नळीला गंजण्यापासून वाचविणे आणि गाडीला शोभा आणणे. ही दोन्ही कामे पूर्णपणे करणारा लेप आजवर सापडलेला नाही. निरनिराळ्या काळांत वापरले गेलेले लेप हे त्या त्या काळच्या धातुविज्ञानाने, कारखानदारीने व कच्च्या मालाच्या उपलब्धतेने केलेल्या तडजोडी आहेत. म्हणूनच जुन्या गाडीच्या नळीवरील लेप हा तिच्या निर्मितीकालाचा एक पुरावाही ठरतो. जुनी गाडी दुरुस्त करताना कोणता लेप द्यावा, हा प्रश्न केवळ तांत्रिक न राहता ऐतिहासिक का ठरतो, ते यावरून लक्षात येईल.

लेपाची परीक्षा पाहणारी परिस्थिती : निष्कास झडपेतून बाहेर पडणाऱ्या वायूंचे तापमान एंजिनाचा प्रकार व त्यावरील भार यांनुसार कित्येक शे अंश से. असते. नळीच्या सिलिंडराजवळच्या वळणाचा पृष्ठभाग सर्वांत जास्त तापतो. मागील टोकाकडे तापमान झपाट्याने उतरत जाते. म्हणजे एकाच नळीच्या दोन टोकांना दोन वेगळ्या प्रकारच्या परिस्थितींस तोंड द्यावे लागते. पुढील भागात धातूचे उष्णतेमुळे ऑक्सिडीभवन होते, तर मागील भागात ओलाव्यामुळे संक्षारण होते. शिवाय गाडी सुरू व बंद होताना नळी वारंवार तापते व निवते. लेपाचे व पोलादाचे प्रसरण सारखे नसेल, तर लेपाला तडे जातात. पावसाचे थंड पाणी तापलेल्या नळीवर पडणे, रस्त्यावरील खडी उडून आपटणे आणि एंजिनातील तेल गळून त्यावर जळणे, या गोष्टीही नित्याच्याच असतात.

बाहेरून दिसत नाही अशी एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पेट्रोलाच्या ज्वलनातून पाणी तयार होते आणि १ किग्रॅ. पेट्रोलापासून निर्माण होणाऱ्या पाण्याचे वजन सुमारे सव्वा किग्रॅ. भरते. एंजिन पुरेसे तापलेले असेल, तर हे पाणी वाफेच्या रूपात निघून जाते. गाडी थोडेच अंतर चालवून थांबविली, तर ते थंड नळीत व ध्वनिशामकात साचते. इंधनातील गंधकापासून तयार झालेली ऑक्साइडे त्यात विरघळून अम्ले बनतात व ती पोलाद आतून खातात. विद्युत् विलेपनाने दिलेला मुलामा नळीच्या आतील बाजूस जवळजवळ पोहोचतच नाही. त्यामुळे बाहेरून आरशासारखी चकाकणारी नळी आतून कुजत जाऊन एके दिवशी फुटते.

काळे रोगण : १८८५ साली गोटलीप डाइमलर व व्हिल्हेल्म मायबाख यांनी पेट्रोल एंजिनावर चालणारी दुचाकी तयार केली आणि १८९४ मध्ये म्यूनिक येथील हिल्डेब्रांट व व्होल्फम्युलर यांनी मोटारसायकलींचे व्यापारी उत्पादन सुरू केले. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये या धंद्यात उतरलेले बरेचसे कारखानदार मूळचे सायकलींचे उत्पादक होते. साहजिकच सायकलींच्या कारखान्यातील दोन लेप मोटारसायकलीवर आले : भट्टीत भाजलेले काळे रोगण आणि निकेलाचा मुलामा.

काळ्या रोगणाची परंपरा इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन परिसरात जुनी होती. तेथे पत्र्याच्या तबकांवर व डब्यांवर जपानी पद्धतीचे चकचकीत काळे रोगण चढविण्याचा उद्योग चालत असे. सनबीम मोटारसायकलींचे निर्माते जॉन मार्स्टन हे याच धंद्यातून पुढे आले होते. त्यांच्या कारखान्यात १९१२ पासून तयार झालेल्या मोटारसायकली काळ्या रोगणाच्या सफाईसाठी नावाजल्या गेल्या. सांगाड्यावर हे रोगण अनेक वर्षे टिके. निष्कास नळीवर मात्र त्याची मर्यादा लगेच उघड होई; कारण त्यातील तेले व डांबरजन्य पदार्थ सु. २००° से.च्या पुढे करपू लागतात. सिलिंडरालगतचे रोगण काही दिवसांतच जळून जाई व उघड्या पोलादावर तांबूस गंज चढे. मालकांनी चुलीला लावावयाच्या ग्रॅफाइटाच्या काळ्या मिश्रणाने अधूनमधून नळी पुसून घेणे, हाच त्यावरचा स्वस्त उपाय होता. हा लेप फार टिकाऊ नसला, तरी तो घरच्या घरी पुन्हा देता येई.

निकेलाचा काळ : विद्युत् प्रवाहाच्या साहाय्याने एका धातूवर दुसऱ्या धातूचा थर देण्याची क्रिया लुइजी ब्रून्यातेल्ली यांनी १८०५ मध्ये करून दाखविली आणि १८४० मध्ये एल्किंग्टन यांना मिळालेल्या पेटंटानंतर बर्मिंगहॅम येथे सोन्या-चांदीच्या मुलाम्याचा धंदा उभा राहिला. निकेलाचे व्यापारी विलेपन आयझाक ॲडम्स यांच्या १८६९ मधील अमेरिकन पेटंटानंतर वाढीस लागले. १९१६ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील ऑलिव्हर वॉट्स यांनी निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड व बोरिक अम्ल यांचे गरम विद्राव वापरून जाड थर जलद देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या विद्रावाची सुधारलेली रूपे आजही वापरात आहेत.

निकेलाचा वितळबिंदू १,४५५° से. असल्याने निष्कास नळीच्या तापमानाला तो वितळण्याचा प्रश्न नसतो आणि पोलादाला तो चांगला चिकटून बसतो. परंतु शहरातील गंधकयुक्त हवेत त्याची चमक मंदावते. उष्ण भागात तो प्रथम पिवळसर व नंतर तपकिरी-निळसर होतो. त्या काळच्या विद्रावांतून बसणारा थर मुळात निस्तेज असे. तो चाकावर घासून चकचकीत करावा लागे आणि मालकाला पुढे नियमितपणे पुसत राहावे लागे. निकेलाच्या रंगात किंचित पिवळसर ऊब असते, तर क्रोमियमाची झाक निळसर पांढरी असते. दोन्ही धातू शेजारी ठेवल्यास हा फरक नवख्यालाही कळतो. १९२० नंतरच्या दशकातील उंची गाड्यांत निकेलाला मानाचे स्थान होते, उदा., ब्रफ सुपीरियर या नॉटिंगॅम येथे बनणाऱ्या गाडीच्या इंधनटाकीवरही निकेलाचा मुलामा असे. त्या दशकातील गाडीवर आज क्रोमियमाचा लखलखाट दिसला, तर तो नंतरच्या हाताने आलेला आहे, असे बहुधा समजावे.

क्रोमियमाचे आगमन : फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल्वी निकॉला व्होक्लँ यांनी १७९७ मध्ये क्रोमियमाचा शोध लावला आणि १८५४ मध्ये रोबेर्ट बन्सन यांनी ते विद्युत् विच्छेदनाने मिळविले. तरीही त्याचा भरवशाचा मुलामा देणे पुढे सु. ७० वर्षे साधले नाही. जॉर्ज सार्जंट यांनी १९२० मध्ये क्रोमिक अम्ल व सल्फेट यांच्या विद्रावावरील प्रयोग प्रसिद्ध केले. कोलंबिया विद्यापीठातील कॉलिन फिंक व त्यांचे सहकारी यांनी या विद्रावातील सल्फेटाचे प्रमाण काटेकोर राखण्याचे महत्त्व दाखवून दिले. फिंक यांना १९२६ मध्ये पेटंट मिळाले. क्रोमिक अम्ल व सल्फेट यांचे प्रमाण साधारणपणे शंभरास एक ठेवले, तरच चकचकीत व एकसारखा थर बसतो. त्यानंतर हा मुलामा मोटार उद्योगात वेगाने पसरला. ब्रिटिश मोटारसायकलींवर १९२८–३० च्या सुमारास निकेलाची जागा क्रोमियम घेऊ लागले.

क्रोमियमाच्या लोकप्रियतेची कारणे उघड होती. त्याचा पृष्ठभाग अतिशय कठीण असतो, हवेत तो काळवंडत नाही व केवळ फडक्याने पुसून स्वच्छ होतो. पण या चमकदार थराची जाडी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासच असते आणि त्यात सूक्ष्म भेगा असतात. पोलादाचे खरे रक्षण त्याखालील निकेलाचा थर करतो. म्हणजे क्रोमियमाने निकेलाला हटविले, असे म्हणण्यापेक्षा त्याने निकेलाला झाकले, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. निकेलाचा थर पातळ किंवा सच्छिद्र असेल, तर क्रोमियमाखालून गंजाचे ठिपके उमटतात व मुलामा पापुद्र्यांनी सुटतो. १९३० नंतरच्या दशकात विद्रावात कार्बनी द्रव्ये मिसळून मुळातच चकचकीत निकेल मिळू लागले आणि घासण्याचे श्रम वाचले. १९५० नंतर निकेलाचे दोन थर देण्याची पद्धत रूढ झाली. त्यांपैकी वरचा गंधकयुक्त चकचकीत थर स्वतः आधी झिजून खालच्या थराला वाचवितो.

उष्णतेने क्रोमियमही रंग बदलते. तापलेल्या धातूवर पारदर्शक ऑक्साइडाचा अतिशय पातळ थर तयार होतो व प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे त्यात रंग दिसतात. थराची जाडी वाढेल तसे पिवळा, तपकिरी, जांभळा व निळा असे रंग क्रमाने येतात. साध्या पोलादावर हे रंग सु. २२०° ते ३००° से. या पट्ट्यात दिसतात. क्रोमियमासाठी याहून अधिक तापमान लागते. निळी पडलेली नळी हा मुलाम्याचा दोष आहे, असे अनेकदा समजले जाते. प्रत्यक्षात पेट्रोलाचे प्रमाण कमी असलेले मिश्रण किंवा उशिरा पडणारी ठिणगी यांमुळे नळी प्रमाणाबाहेर तापल्याची ती खूण असू शकते. तेथे मुलामा बदलण्यापेक्षा एंजिनाची जुळणी सुधारणे उपयोगी पडते. काही निर्मात्यांनी पुढे दुहेरी भिंतीच्या नळ्या वापरून बाहेरील पृष्ठभाग थंड ठेवला.

चकाकीची किंमत : क्रोमलेपनाच्या टाकीत पुरविलेल्या विजेचा फार थोडा भाग धातूचा थर बसविण्यात खर्च होतो. उरलेल्या विजेमुळे हायड्रोजन व ऑक्सिजन वायूंचे बुडबुडे निघतात आणि त्यांबरोबर क्रोमिक अम्लाचे तुषार हवेत पसरतात. या अम्लातील क्रोमियम षट्संयुजी स्वरूपात असते. त्यामुळे कामगारांच्या हातांवर लवकर बऱ्या न होणाऱ्या जखमा होत व नाकाच्या पडद्याला भोक पडे. क्रोमियमाचा मुलामा बाजारात येऊन जेमतेम पाच-सहा वर्षे झाली असताना ब्रिटनमध्ये १९३१ मध्ये क्रोमलेपनाच्या कारखान्यांसाठी स्वतंत्र नियम करावे लागले. टाक्यांवरील हवा ओढून काढण्याची व्यवस्था आणि कामगारांची ठराविक मुदतीने वैद्यकीय तपासणी यांचा त्यांत समावेश होता. षट्संयुजी क्रोमियमाच्या संयुगांमुळे फुप्फुसांचा कर्करोग होतो, हे पुढे प्रस्थापित झाले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये ती मानवात निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या पदार्थांच्या गटात नोंदविली. यूरोपीय संघात २१ सप्टेंबर २०१७ नंतर क्रोमियम ट्राय-ऑक्साइडाचा वापर परवान्याशिवाय करता येईनासा झाला आणि कॅलिफोर्निया राज्याने २०२३ मध्ये शोभेच्या लेपनातून ते टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचा नियम केला. त्याऐवजी वापरली जाणारी त्रिसंयुजी क्रोमियमाची पद्धत पुष्कळ कमी घातक आहे; मात्र तिच्या थराची झाक किंचित काळसर असते. जुन्या गाड्यांच्या इतिहासात कारखानदार व शर्यतपटू यांची नावे राहतात. टाकीवर उभे राहणाऱ्या कामगारांची राहत नाहीत. लेपाचा इतिहास सांगताना त्यांचा वाटा वगळता येणार नाही.

युद्ध व टंचाई : दुसऱ्या महायुद्धात निकेल व क्रोमियम ही चिलखती व मिश्र पोलादांसाठी आवश्यक असलेली धातुद्रव्ये झाली. शिवाय चकाकणारा पृष्ठभाग शत्रूच्या नजरेस पडतो. त्यामुळे बी. एस्. ए. एम्‌ २०, नॉर्टन १६ एच्‌ यांसारख्या लाखाच्या घरात तयार झालेल्या लष्करी मोटारसायकलींवर निस्तेज रंग देण्यात आला. नळीवरचा रंग लवकरच जळून जाई, पण युद्धात त्याची फिकीर कोणी केली नाही. युद्धानंतर अशा असंख्य गाड्या नागरिकांनी विकत घेऊन त्यांवर क्रोमियमाचा मुलामा चढविला. लष्करी गाडीची लष्करी ओळख पुसली जाण्याचा हा आरंभ होता. कोरियन युद्धाच्या काळात (१९५०–५३) निकेलाची पुन्हा टंचाई झाली आणि काही ब्रिटिश गाड्यांच्या इंधनटाक्यांवर व चाकांच्या धावांवर क्रोमऐवजी रंग आला. त्या हंगामांतील गाडी रंगीत धावांसह आढळली, तर ती कोणी स्वस्तात रंगविलेली गाडी नसून मूळ रूपातील गाडी असू शकते. टंचाई सरल्यावर क्रोमियमाचा सुकाळ झाला. ट्रायम्फ बॉनव्हिल (१९५९) व चार स्वतंत्र निष्कास नळ्यांची होंडा सीबी ७५० (१९६९) या गाड्यांच्या देखणेपणात या मुलाम्याचा वाटा मोठा होता.

टिकाऊपणाचा शोध : पेट्रोलात टेट्राएथिल लेड मिसळण्यास १९२३ मध्ये सुरुवात झाली. शिसे एंजिनात साचू नये, म्हणून त्याबरोबर ब्रोमीन व क्लोरीन यांची कार्बनी संयुगे घालावी लागत. त्यांपासून निष्कास वायूत तीव्र अम्ले तयार होऊन ध्वनिशामकांचे आयुष्य आणखी घटले. हा प्रश्न बाहेरील चकाकीने सुटणारा नव्हता. त्यासाठी नळीची धातूच बदलणे आवश्यक होते. वितळलेल्या ॲल्युमिनियमात बुडवून काढलेला पोलादी पत्रा हा त्यावरील एक उपाय ठरला. या पत्र्याच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम असल्याने तो आतूनही टिकतो. मोटारगाड्यांच्या ध्वनिशामकांत त्याचा प्रसार मोठ्या प्रमाणावर झाला.

दुसरा उपाय अगंज पोलादाचा होय. क्रुप कंपनीतील संशोधकांनी १९१२ मध्ये आणि शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये अगंज पोलादे तयार केली. निष्कास नळ्यांसाठी त्यांचा वापर मात्र बऱ्याच उशिरा सुरू झाला. सु. ११ टक्के क्रोमियम असलेले ४०९ क्रमांकाचे स्वस्त पोलाद १९६० नंतर याच कामासाठी पुढे आले. मोटारसायकलींकरिता १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेले ३०४ क्रमांकाचे पोलाद अधिक पसंत केले जाते. ते घासून चकचकीत करता येते व त्यावर वेगळा लेप लागत नाही. उष्णतेने ते सोनेरी पिवळे होते. साध्या पोलादाच्या मानाने त्याचे प्रसरण जवळजवळ दीडपट असते व उष्णतासंवाहकता सुमारे एकतृतीयांश असते. म्हणून जोड व आधार यांत प्रसरणाला वाव ठेवावा लागतो.

अन्य लेप : जस्ताचा लेप गंजाविरुद्ध उत्तम असला, तरी जस्त ४१९° से.ला वितळते. कॅडमियम ३२१° से.ला वितळते व ते विषारीही आहे. म्हणून हे दोन्ही लेप नळीच्या तापणाऱ्या भागास वर्ज्य होत. प्लॅस्टिकाची पूड भाजून दिलेले आधुनिक रंगही तेथे करपतात. सिलिकोन रेझिनात ॲल्युमिनियमाची पूड मिसळून केलेले रंग सु. ५००° ते ६००° से.पर्यंत टिकतात, मात्र पृष्ठभाग वाळूच्या माऱ्याने पूर्ण स्वच्छ केलेला असावा लागतो व रंग टप्प्याटप्प्याने तापवून पक्का करावा लागतो. हे न केल्याने रंग सोलला जातो व दोष रंगाला दिला जातो. सु. ८००° से.ला भाजून दिलेला काचेसारखा एनॅमल लेप काही मोटारगाड्यांच्या बिडाच्या निष्कास भागांवर वापरला गेला. मोटारसायकलीच्या पातळ व कंप पावणाऱ्या नळीवर त्याचे कपचे उडण्याचा धोका असतो. स्वित्झर्लंडमध्ये माक्स शूप यांनी १९१० च्या सुमारास विकसित केलेल्या धातुफवारणीने ॲल्युमिनियमाचा थर देता येतो. तो उष्णतेत चांगला टिकतो, पण दिसावयास करडा व खरबरीत असतो.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मृत्तिकाजन्य (सेरॅमिक) लेप प्रचारात आले. त्यांतील काही ॲल्युमिनियमयुक्त असून घासल्यावर चांदीसारखे दिसतात. झिर्कोनियाचे लेप उष्णतारोधक असतात. नळीच्या आतून दिल्यास ते पोलादाला थंड ठेवतात. केवळ बाहेरून दिल्यास उष्णता आत कोंडून पोलादाचे तापमान उलट वाढते. नळीभोवती काचतंतूंची पट्टी गुंडाळल्यानेही हेच घडते. शिवाय ती पट्टी पावसाचे पाणी धरून ठेवत असल्याने खालील पोलाद लवकर गंजते.

भारतातील स्थिती : भारतात मद्रासजवळ (आताचे चेन्नई) तिरुवोत्तियूर येथे एन्फील्ड बुलेट (१९५५ पासून) आणि म्हैसूर येथे जावा (१९६० पासून) या गाड्यांचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा क्रोमियमाचा मुलामा सर्वत्र रूढ झालेला होता. क्रोमियमाचे खनिज ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात विपुल आहे; निकेल मात्र आयात करावे लागे. मुलाम्याचे आयुष्य ज्याच्या जाडीवर अवलंबून असते, तेच निकेल महाग असल्याने काटकसर होण्याचा संभव तेथेच अधिक असतो. निकेल व क्रोमियम यांच्या मुलाम्यासाठी भारतीय मानक क्र. १०६८ आहे. त्यात वापराच्या परिस्थितीनुसार थरांच्या जाडीच्या श्रेणी दिलेल्या आहेत. मुंबई, कोकण व गोवा या किनारी भागांतील खारट हवेत क्लोराइडे क्रोमियमाच्या सूक्ष्म भेगांतून आत शिरतात, त्यामुळे पातळ मुलामा पावसाळ्याच्या एक-दोन हंगामांतच ठिपक्यांनी भरतो. देशावरील कोरड्या हवेत तोच मुलामा पुष्कळ अधिक टिकतो. भारतात शिसेयुक्त पेट्रोलाची विक्री २००० साली बंद झाली आणि नळ्या आतून कुजण्याचे एक कारण दूर झाले. विद्युत् विलेपनाच्या कारखान्यांतून सोडावयाच्या सांडपाण्यात षट्संयुजी क्रोमियमाचे प्रमाण लिटरला ०.१ मिग्रॅ.पेक्षा जास्त असू नये, असे बंधन पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखालील नियमांनी (१९८६) घातले आहे. मुलामा देऊन घेणाऱ्याने सांडपाण्याची व्यवस्था असलेला कारखाना निवडणे, हीदेखील लेपाच्या निवडीतील एक बाब समजली पाहिजे.

लेपाची निवड : ब्रिटनमधील व्हिंटेज मोटर सायकल क्लब (स्थापना १९४६) १९१५ पूर्वीच्या गाड्यांना ‘व्हेटरन’ व १९१५ ते १९३० या काळातील गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणतो. निकेलाचे युग संपून क्रोमियमाचे सुरू होण्याचा काळ आणि या वर्गीकरणातील १९३० ची सीमा जवळजवळ एकच आहेत. भारतात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या व मूळ रूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी होऊ शकते. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तूरिन सनदेत जतनाला जीर्णोद्धाराहून अग्रक्रम दिला आहे आणि मूळ साहित्य शक्य तितके राखावे, असे तत्त्व मांडले आहे.

या तत्त्वानुसार निवडीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येतो. प्रथम गाडीचे निर्मितीवर्ष निश्चित करावे व नळीवर मूळ लेपाचे अवशेष शोधावेत. खिळपट्ट्यांखाली, जोडांच्या आत व ध्वनिशामकाच्या आधाराखाली ते बहुधा सापडतात. ते पुसण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घ्यावीत. मूळ लेपाचा बराचसा भाग शिल्लक असेल, तर तो स्वच्छ करून तेलाचा किंवा मेणाचा हलका हात देणे पुरेसे होते. लेप पूर्ण नष्ट झाला असेल, तर त्या वर्षी प्रचलित असलेला लेप द्यावा. १९२५ च्या गाडीस क्रोमियम व १९४२ च्या लष्करी गाडीस कोणताही चकचकीत मुलामा देणे इतिहासाला धरून होणार नाही. गाडी रोज चालवावयाची असेल व टिकाऊपणा अटळ असेल, तर मूळ नळी जपून बाजूला ठेवावी आणि अगंज पोलादाची किंवा ॲल्युमिनियमलेपित पत्र्याची नवी नळी बसवावी. म्हणजे पुरावाही राहतो आणि वापरही होतो.

जुन्या नळीवर पुन्हा मुलामा देण्यात एक धोका आहे. नळीची भिंत मुळात दीड मिमी.च्या आसपास जाड असते. जुना मुलामा अम्लाने उतरविणे, गंजाचे खड्डे जाईपर्यंत घासणे व पुन्हा चकचकीत करणे, या प्रत्येक क्रियेत ती थोडी पातळ होते. आतून आधीच कुजलेली नळी घासणीच्या चाकाखाली फाटू शकते. म्हणून काम देण्यापूर्वी नळी हलकेच ठोकून व आत दिवा धरून तपासावी. क्रोमियमाचा थर वळणांच्या आतील खोलगट बाजूस पातळ बसतो, हेही ध्यानात ठेवावे. त्या भागाला टाकीत जादा विद्युत् अग्राची जोड दिल्यास थर सुधारतो. काम करून घेताना चकाकीपेक्षा निकेलाच्या थराची जाडी किती, हे विचारणे अधिक महत्त्वाचे असते. काम झाल्यावर पहिल्या काही फेऱ्या एंजिन नीट तापेल इतक्या लांबच्या माराव्यात. नळीच्या आत साचणारे पाणी घालविण्याचा याहून सोपा व स्वस्त उपाय नाही.

नळीवरील काळे रोगण, पिवळसर निकेल, निळसर क्रोमियम किंवा युद्धकालीन निस्तेज रंग यांपैकी प्रत्येक लेप एका विशिष्ट काळातील उपलब्ध धातू, ज्ञान व श्रम यांची साक्ष देतो. नवा मुलामा केव्हाही देता येतो. एकदा घासून काढलेला जुना लेप मात्र परत आणता येत नाही. लेपाची निवड या जाणिवेने केली, तर जुनी मोटारसायकल केवळ शोभेची वस्तू न राहता उद्योगाच्या इतिहासाचे विश्वसनीय साधन म्हणून पुढील पिढ्यांच्या हाती जाते.